धसका

(मुलुंड येथील एका स्मृतिव्याख्यानाची छपाईसाठी नीट केलेली प्रत)



ज्या गुरुजींच्या नावानं हे व्याख्यान होतं, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट मात्र ऐकली आहे. उशिरा आलेल्या मुलाला ते आधी जागेवर बसू देत आणि उशीर का झाला हे मग विचारत. बाकीचे मास्तर उलटं करत. आधी कारण सांग, खरं वाटलं तर बस. आजच्या माझ्या विषयाचं ह्या क्रमाशी जवळचं नातं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

विषय आहे लढाईवरून परतलेल्या सैनिकांना जडणारा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा विकार, आणि त्यावर झालेलं संशोधन. कार्यवाहांना विषय कळवला तेव्हा ते फोनवर म्हणाले, "डॉक्टर, विषय उत्तम आहे, पण आपल्या मुलुंडमध्ये सैनिक कुठे आहेत?" प्रश्न रास्त होता. उपनगरात लष्कर भिंतीपलीकडे असतं. कांदिवली-मालाडचा सीओडी, मार्वेकडे जाताना लागणारं आयएनएस हमला, घाटकोपरचा नौदलाचा डेपो, मरोळचा मिलिटरी रोड, आणि २६/११ नंतर २००९ साली अंधेरीत आलेलं एनएसजीचं केंद्र. बसच्या खिडकीतून ह्या भिंती आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. पण मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते भिंतीपलीकडे नाहीत. साधा जवान पस्तीस-चाळीसच्या वयात निवृत्त होतो. मुलं शाळेत असतात, पेन्शन पुरत नाही. मग कुणी माजी सैनिक महामंडळाकडून, म्हणजे मेस्कोकडून, कुणी खासगी एजन्सीकडून दुसरा गणवेश घेतो आणि आपल्या गेटवर येऊन बसतो. पाण्याची मोटर चालू करतो, कुरिअरवाल्याची रजिस्टरमध्ये सही घेतो. आपण त्याला वॉचमन म्हणतो.

अशाच एकाबद्दल सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. त्यांना आपण हवालदार म्हणू. मूळचे सातारा जिल्ह्यातले. २००३ च्या जूनमध्ये त्यांची बायको त्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन आली. तक्रार एकच, दारू. मी केसपेपरवर तेवढंच लिहिलं. दारू सुटताना होणारी थरथर कमी करायच्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वं दिली आणि वर चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. तीन वेळा ते आले आणि तिन्ही वेळा मी दारूबद्दलच बोललो. चौथ्या वेळी बाई एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, स्टेशनात बाँब फुटला तेव्हापास्नं हे असं झालंय. आधी घेत होते, पण एवढी नाही."

१३ मार्च २००३. संध्याकाळी कर्जत लोकल मुलुंड स्थानकात शिरत असताना बायकांच्या डब्यात स्फोट झाला. निदान दहा माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. त्या काळात हे सारखंच चाललं होतं. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये, जानेवारीत विलेपार्ल्याला, मार्चमध्ये आपल्याकडे, जुलैत पुन्हा घाटकोपरला. हवालदारांची सोसायटी स्टेशनजवळ. आवाज ऐकून ते धावत गेले, जखमींना उचलून रिक्षांत घातलं, रात्री परत येऊन ड्यूटी पुरी केली. आठवड्याभरानं झोप गेली.

आता मला वाटलं, उलगडा झाला. स्फोट पाहिला, धसका बसला. पण पुढच्या खेपेला स्वप्नात काय दिसतं असं विचारलं, तर मुलुंड स्टेशन त्यात नव्हतंच. ताडाची झाडं होती आणि लाल मातीचा रस्ता होता. तेव्हा कुठे मी विचारलं, "नोकरी कुठे कुठे झाली?" पाचव्या भेटीत विचारलेला हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. ते म्हणाले, "शांतिसेना. जाफना." म्हणजे १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली आपली फौज. त्यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली होती.

मग एकेक गोष्ट कळत गेली. स्टेशनपासून सोसायटीपर्यंत चालत दहा मिनिटांची वाट, ह्यांना पंचवीस मिनिटं लागत. कारण रस्त्यावर जिथे जिथे चर खणून बुजवलेला असे, तिथे हे पाय ठेवत नसत. वळसा घालत, कधी समोरच्या फुटपाथवर जात. उपनगरात अशा चरांना तोटा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बरोबरचे वॉचमन हसत, "हवालदारसाहेब, इथं काय खजिना पुरलाय का?" आजूबाजूचं जग त्यांना विक्षिप्त म्हणत होतं आणि ते सोळा वर्षांपूर्वीच्या धड्याप्रमाणे चालत होते. ताजी उकरलेली माती दिसली की तिथे पाऊल टाकायचं नाही. त्या धड्यानंच ते जिवंत परत आले होते. धडा शिकवणाऱ्यांनी तो विसरायचा कधी, हे सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि बाईंची गोष्ट. त्यांनी मला सांगितलं, "ह्यांना हात लावून उठवायचं नाही. एकदा उठवलं तर माझा हात पिरगाळला होता. आता मी दारात उभी राहते आणि 'चहा ठेवलाय' म्हणते. एकदाच. मग थांबते." पोरांनाही तसंच शिकवलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक होतं की बाबांच्या पाठीमागून यायचं नाही, समोरून यायचं आणि येताना बोलत यायचं. मानसोपचारावरची चार पुस्तकं माझ्या कपाटात होती. ह्या बाईंनी त्यातलं एकही पाहिलं नव्हतं आणि निदान त्यांनी माझ्याआधी केलं होतं.

आपल्या भाषेत धसका 'बसतो' आणि माणूस धसका 'घेतो'ही. बाहेरून येऊन आत बसणारी आणि आतून धरून ठेवलेली, अशी दोन्ही अंगं ह्या शब्दात आहेत. पीटीएसडी ह्या चार अक्षरांत ती नाहीत. पण ही चार अक्षरं कशी आली ते ऐकण्यासारखं आहे.

१९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तोफगोळ्याच्या धक्क्यानं मेंदूला इजा होते, अशी कल्पना. पुढे तोफेच्या जवळपासही नसलेले शिपाई तशीच लक्षणं घेऊन येऊ लागले, आणि १९१७ मध्ये ब्रिटिश लष्करानं तो शब्द वापरायलाच बंदी केली. दुखणं कमी झालं नाही, फक्त त्याचं नाव गेलं. त्याच युद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिशांनी स्वतःच्याच सैनिकांना पहाटे उभं करून गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली.

आपल्या शिपायांची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. १९१४ च्या अखेरीस फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांतून हिंदी शिपाई जखमी होऊन येऊ लागले. पुष्कळांच्या जखमा हाताला होत्या. साहेबांना शंका आली की घरी जायला मिळावं म्हणून हे लोक स्वतःच हातावर गोळी मारून घेत असावेत. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन ह्यांनी एक हजार जखमांची छाननी केली आणि कळवलं की ह्या शंकेला आधार नाही. सेटन प्रामाणिक होते, त्यांचं ऋण मानायला हवं. पण त्यांना घालून दिलेला प्रश्न बघा. ह्या माणसाला काय होतंय, असं कुणी विचारलं नव्हतं. हा सोंग करतोय का, एवढंच विचारलं होतं. आधी कारण सांग, खरं वाटलं तर बस.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गावानं दगडात जपली आहे. मी तो दगड पाहिला आहे. जे परत आले आणि रात्री ओरडत उठले, त्यांच्यासाठी दगड नसतो. त्यांच्यासाठी देवऋषी होता, अंगारा होता, 'वारं लागलंय' हे निदान होतं. मी ह्याला हसत नाही. देवऋषी निदान 'तू सोंग करतोस' असं तरी म्हणत नव्हता.

पीटीएसडी हे नाव १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. ते प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. व्हिएतनामहून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून एकमेकांशी बोलत. खाइम शातान आणि रॉबर्ट जे लिफ्टन हे दोन मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसू लागले. शातान ह्यांनी १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं, पुढची आठ वर्षं हे लोक समित्यांशी भांडले, तेव्हा कुठे नाव मिळालं. मग अमेरिकी संसदेच्या आदेशावरून मोठी पाहणी झाली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत व्हिएतनाममध्ये गेलेल्या पुरुषांपैकी ३०.९ टक्के लोकांना कधी ना कधी हा विकार झालेला आढळला. आकडा मोठा होता, आणि मोठा आकडा आला की जुनी शंका येतेच. हे फुगवून सांगतायत, पैसे लाटतायत. २००६ मध्ये ब्रूस डोरनवेंड आणि सहकाऱ्यांनी लष्करी दप्तराशी ताडून तोच डेटा पुन्हा तपासला आणि 'सायन्स'मध्ये छापला. आकडा खाली आला, १८.७ टक्के झाला. पण त्या तपासणीत सोंगाचा म्हणावा तसा पुरावा मिळाला नाही. आणि ज्यानं जितकी लढाई जवळून पाहिली, तितका त्याला विकाराचा धोका जास्त, असं दिसलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल डॉक्टरांनी सगळ्या फौजींना वेडं ठरवलं. १८.७ म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांना तो झाला नाही. तुमच्या गेटवरचा माजी सैनिक बहुधा तुमच्या-माझ्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, शांत डोक्याचा असेल.

मग कुणाला होतो आणि कुणाला नाही? ह्यावर २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन ह्यांनी एक देखणा अभ्यास केला. त्यांनी जुळे भाऊ निवडले. एक भाऊ व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरी राहिलेला. पीटीएसडी झालेल्या सैनिकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींची मांडणी करणारा भाग, लहान असतो हे आधी ठाऊक होतं. सगळे समजत होते की आघातानं तो आक्रसतो. गिल्बर्टसन ह्यांनी पाहिलं तर घरी राहिलेल्या जुळ्या भावाचाही तो लहानच निघाला. म्हणजे काही अंशी ही जन्माची ठेवण होती.

विज्ञान म्हणून हा निष्कर्ष मला फार आवडतो, आणि पेन्शनच्या कागदावर त्याची मला भीती वाटते. आपल्याकडे अपंगत्व पेन्शनसाठी दुखणं लष्करी सेवेमुळे जडलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं असावं लागतं, आणि ते निदान २० टक्के भरावं लागतं. मनाच्या दुखण्यावर 'कॉन्स्टिट्यूशनल' असा शेरा मारला की फाइल बंद. त्याचा अर्थ, हे तुमच्या घडणीतच होतं, आमचा संबंध नाही. हवालदारांच्या कागदावर हाच शेरा होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग खटल्यात हा क्रम फिरवला. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल आणि नोकरीत ते उद्भवलं असेल, तर ते सेवेमुळेच असं आधी धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. तो खटला फेफऱ्याच्या दुखण्याचा होता, पण तत्त्व मनाच्या दुखण्यालाही लागू पडतं. आधी बस, मग कारण बघू. आमच्या गुरुजींना हा निकाल पटला असता.

आता ज्या एका अभ्यासासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. ख्रिस ब्रुइन, बर्निस अँड्र्यूज आणि जॉन व्हॅलेंटाइन ह्यांनी २००० साली तोवरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून चौदा घटक तपासले. वय, शिक्षण, बालपणीचे हाल, घराण्यातला मनोविकार, आघाताची तीव्रता वगैरे. सैनिक आणि सामान्य माणसं, दोन्ही त्यात होती. आघाताच्या आधीच्या बहुतेक गोष्टींचा परिणाम बेताचाच निघाला. जास्त वजन पडलं ते आघाताच्या वेळी आणि त्यानंतर काय झालं ह्याचं. विशेषतः नंतर माणसाला आधार मिळाला की नाही, ह्याचं. म्हणजे ह्या दुखण्याचा निम्मा निकाल रणांगणावर लागत असेल, तर उरलेला निम्मा घरी लागतो. सातारा जिल्ह्यातल्या ओट्यावर लागतो, मुलुंडच्या गेटवर लागतो.

शांतिसेनेचं उदाहरण घ्या. जुलै १९८७ ते मार्च १९९० ह्या काळात आपले सुमारे बाराशे सैनिक श्रीलंकेत कामी आले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन ह्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. करुणानिधींची राजकीय कारणं त्यांच्यापाशी, मी त्यात पडत नाही. मी फक्त जहाजातून उतरणाऱ्या माणसाच्या जागी उभा राहून बघतो. नावातच 'शांती' असल्यामुळे गावात लोक विचारत, "लढाई कुठली? तुम्ही तर शांतता करायला गेला होता ना?" हवालदार म्हणाले, "पहिल्यांदा दोघातिघांना सांगितलं. मग सोडून दिलं." कारगिलवरून आलेल्यांना गावानं ढोलताशे लावून मिरवलं. हे मिरवणं पोकळ आहे असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही.

आपल्याकडे संशोधन झालेलं नाही असं नाही. ते बहुतांशी लष्कराच्या डॉक्टरांनीच केलं आहे. सुप्रकाश चौधरी, गोयल आणि हरचरण सिंग ह्यांनी २००६ मध्ये बंडखोरीविरोधी मोहिमांतल्या जवानांची तुलना तिथे नसलेल्या जवानांशी केली. मोहिमेतल्यांमध्ये नैराश्य आणि दारू, दोन्हींचं प्रमाण जास्त दिसलं. बघा, दारू. माझ्या केसपेपरवर जे निदान होतं ते ह्या अभ्यासात लक्षण आहे. पण नोकरीतला जवान खरं बोलेल कसा? लष्करात तब्येतीचं गणित पाच अक्षरी शब्दात मांडतात, 'शेप'. त्यातलं पहिलं अक्षर एस, ते मनाचं. त्यात आकडा एकाच्या वर गेला की जवान म्हणतो 'कॅटेगरी लागली'. बढती अडते, हत्यार हातातून जातं, चारचौघांत मान खाली जाते. म्हणून तो पाठदुखी सांगतो, पोटात जळजळतं म्हणतो. आणि निवृत्तीनंतर एस हे अक्षर विचारणारंच कुणी राहत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते दवाखान्यात बोलायचं असतं. सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांनी काहींना उपयोग होतो. प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध वाईट स्वप्नांवर चालतं अशी माझी मोठी श्रद्धा होती. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. श्रद्धा थोडी आवरती घ्यावी लागली. सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो टाळलेल्या गोष्टीकडे थोडंथोडं, ठरवून, सोबतीनं परत जाण्याच्या उपचाराला. एड्ना फोआ ह्यांनी त्याची पद्धत बसवली.

हवालदारांच्या बाबतीत ही पद्धत आम्ही मुलुंडच्या रस्त्यावर केली. आधी बुजवलेल्या चराच्या कडेला उभं राहायचं, भीती शंभरपैकी किती ते सांगायचं आणि ती उतरेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी ते नव्वद म्हणाले. घामानं शर्ट भिजला होता. शेजारी बाई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या, भाजी घेऊन घरी निघाल्यासारख्या, म्हणजे कुणी बघू नये. तेवीस मिनिटांनी ते म्हणाले, "साठ." चौथ्या आठवड्यात त्यांनी पाय ठेवला. त्याबरोबरीनं पुढच्या गाडीची गोष्टही दर भेटीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. त्या गाडीत त्यांच्या गावचा पोरगा होता, आणि त्या दिवशी जागा अदलाबदल झाली होती. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. दारू एकदम सुटली नाही, कमी झाली. स्वप्नं विरळ झाली, गेली नाहीत. पेन्शनचा अर्ज त्यांनी पुन्हा केलाच नाही. "परत तेच विचारतील," म्हणाले.

मी समारोपाला आलो. तुमच्यात सोसायट्यांचे सेक्रेटरी पुष्कळ दिसतायत, तेव्हा तुमच्याशी बोलतो. गेटवरचे काका माजी सैनिक असतील तर कुठे नोकरी झाली ते एकदा विचारा. 'किती जणांना मारलं' हे विचारू नका, मुलांनाही विचारू देऊ नका. गणपतीत किंवा दिवाळीत फटाक्यांची माळ लावणार असाल तर पाच मिनिटं आधी सांगा. धसका बसलेल्या माणसाला आवाजापेक्षा अचानकपणा जास्त छळतो. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली असेल तर तिथेच राहू द्या.

आणि एक नंबर लिहून घ्या, १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. नोटीस बोर्डावर लिफ्टवाल्याचा आणि टँकरवाल्याचा नंबर आहेच, त्यांच्या खाली हाही लिहा. मोठ्या अक्षरात लिहा आणि गेटच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे खुर्चीत बसूनही वाचता येईल.